वरची टाकी, खालची टाकी आणि मधलं क्ष: आमच्या पंप कंट्रोलरच्या नोंदी

४ जानेवारी, शनिवार

कॉलेजच्या प्रकल्पाचा विषय एकदाचा ठरला. सरांच्या यादीत ट्रॅफिक सिग्नल, लिफ्ट आणि डिजिटल लॉक होतं. ती तिन्ही मॉडेलं लॅबच्या कपाटात तीन-तीन नग धूळ खात पडली आहेत, त्यामुळे आम्ही दोघींनी आमच्या सोसायटीचा पंप घेतला. पुण्यातलं कर्वेनगर, चार मजले, सोळा फ्लॅट. सकाळी खालच्या टाकीत पाणी येतं, वॉचमन मामा पंप लावतात आणि वरची टाकी भरली की बंद करतात. मामा चहाला गेले की टाकी वाहते आणि मामा गावाला गेले की टाकी कोरडी पडते, हा सगळा प्रॉब्लेम स्टेटमेंट.

सरांची अट एकच: मायक्रोकंट्रोलर (कोडवर चालणारी चिप) वापरायचा नाही, नुसती लॉजिक गेट्स, म्हणजे ०-१ घेऊन ०-१ देणारी छोटी सर्किटं. "कोडमध्ये गोंधळ लपतो. गेटमध्ये लपायला जागा नसते." बूलियन फंक्शन, म्हणजे ० आणि १ मधलं सूत्र, कागदावर सोपं करून दाखवायचं, किती गेट्स वाचली ते लिहायचं आणि मग बोर्ड. मार्कांचा मोठा वाटा त्या कागदाला आहे.

७ जानेवारी

इनपुट कोणते यावरच दोन दिवस गेले. माझ्या पार्टनरला अल्ट्रासॉनिक सेन्सर हवा होता. मी म्हटलं, आपल्याला पाण्याची उंची मोजायची नाही, फक्त हो-नाही विचारायचंय. शेवटी फ्लोट स्विचच ठरले: गोळा पाण्याबरोबर वर-खाली होतो आणि स्विच जोडतो किंवा तोडतो.

भ: वरची टाकी काठापर्यंत भरली असेल तर १.
त: वरच्या टाकीत तळच्या खुणेच्या वर पाणी असेल तर १.
ख: खालच्या टाकीत उपसण्याइतकं पाणी असेल तर १.
च: पंप आत्ता चालू असेल तर १.

आउटपुट प, म्हणजे पंप चालवा. चौथा इनपुट का, हे पार्टनरला पटेना. टाकी अर्धी आहे, म्हणजे त = १ आणि भ = ०. आता पंप चालू ठेवायचा की बंद? नुसतं पाणी बघून उत्तर मिळत नाही. भरत असताना अर्धी झाली असेल तर चालू ठेवायचा, वापरून अर्धी झाली असेल तर बंदच राहू द्यायचा. आधी काय चाललं होतं ते माहीत हवं, म्हणून च. हे नसेल तर पंप एकाच खुणेपाशी दर मिनिटाला लागेल आणि बंद होईल, आणि मोटरची वाइंडिंग जळेल.

११ जानेवारी, शनिवार

ट्रुथ टेबल, म्हणजे इनपुटांच्या प्रत्येक शक्यतेला आउटपुट काय त्याचा तक्ता. चार इनपुट, सोळा ओळी. भ, त, ख, च या क्रमाने बायनरी आकडा वाचून ओळींना ० ते १५ नंबर दिले.

ख = ० असेल तर प = ०, वाद नाही. भ = १ आणि त = १ तरी प = ०. वरची टाकी पूर्ण रिकामी (भ = ०, त = ०) आणि खाली पाणी असेल तर १; या ओळी २ आणि ३. टाकी अर्धी असेल तर च जे असेल ते. म्हणजे ओळ ६ ला ० आणि ओळ ७ ला १.

राहिल्या ८, ९, १० आणि ११. तिथे भ = १ आणि त = ०. टाकी काठापर्यंत भरलीय, पण तळाला पाणी नाही. पार्टनर हसत सुटली, "पाणी काय हवेत तरंगतंय?" मी चारही ओळींत क्ष लिहिलं. पुस्तकात याला डोंट केअर म्हणतात. असं कधी घडणारच नाही, तेव्हा तिथे ० धरा नाहीतर १ धरा, ज्याने गणित सोपं होईल ते धरा. फुकटची सवलत.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ खात के-मॅप (कार्नो मॅप, म्हणजे ट्रुथ टेबल चौकटीत मांडून शेजारची १ ची घरं एकत्र करायचा तक्ता) काढला आणि पहिल्याच झटक्यात चुकवला. रकाने ००, ०१, १०, ११ असे सरळ मोजणीने लिहिले. के-मॅपमध्ये क्रम ००, ०१, ११, १० असा हवा. शेजारच्या दोन घरांत एकाच इनपुटचा फरक पडला पाहिजे, तरच त्यांचा गट करून तो इनपुट गाळता येतो. ०१ आणि १० शेजारी ठेवले तर दोन्ही आकडे बदलतात आणि गट खोटा ठरतो.  

एडवर्ड वाइचने १९५२ मध्ये असा तक्ता मांडला होता, पण त्याचे रकाने साध्या क्रमाचे होते. मॉरिस कार्नोने १९५३ मध्ये, बेल लॅब्समध्ये असताना, ते ग्रे कोडच्या, म्हणजे दर पायरीला एकच आकडा बदलणाऱ्या, क्रमाने लावले. फरक म्हटलं तर एवढाच. पण त्यामुळे एकत्र येऊ शकणारी घरं डोळ्यांना एकमेकांना चिकटलेली दिसायला लागली.

आता खरा के-मॅप. १ ची घरं तीन: २, ३, ७. क्षची घरं चार: ८, ९, १०, ११. क्ष न वापरता दोन-दोनचे दोन गट पडतात (· म्हणजे आणि, + म्हणजे किंवा, भ' म्हणजे भ चं उलट):

प = भ'·त'·ख + भ'·ख·च

क्ष वापरलं तर २ आणि ३ ला १० आणि ११ येऊन मिळतात. चारचा गट झाला, भ' गळालं:

प = त'·ख + भ'·ख·च

सहाची पाच अक्षरं झाली. एक अक्षर वाचलं! वहीत लाल पेनने चौकट काढली.

१८ जानेवारी

सरांना के-मॅप पुरत नाही. क्वाइन-मॅक्लस्कीची तक्त्याची पद्धतसुद्धा हवी, कारण पाच-सहा इनपुटांनंतर के-मॅप डोळ्यांनी झेपत नाही आणि कॉम्प्युटरला डोळे नसतात. क्वाइनने पद्धत १९५२ मध्ये मांडली, मॅक्लस्कीने १९५६ मध्ये ती यंत्राला देता येईल अशी पक्की बसवली. क्वाइन पेशाने तत्त्वज्ञ. तत्त्वज्ञाने गेट्स वाचवायची पद्धत शोधावी याचं घरी आईला फार कौतुक वाटलं. मला मात्र तक्ता भरताना कौतुक वगैरे वाटलं नाही.

पद्धत कंटाळवाणी पण चोख आहे. ओळी बायनरीत लिहायच्या, एका जागेचा फरक असलेल्या जोड्या जुळवायच्या, फरकाच्या जागी आडवी रेघ मारायची, मग जोड्यांच्या जोड्या. पुढे जुळणं थांबलं की उरतात ते प्राइम इम्प्लिकंट. आमचे तीन उरले:

-०१- म्हणजे त'·ख
०-११ म्हणजे भ'·ख·च
१०-- म्हणजे भ·त'

तिसरा ८, ९, १० आणि ११ एवढीच घरं झाकतो, आणि ती चारही क्षची. एकही खरा १ त्याच्या वाट्याला नाही. नियमाप्रमाणे त्यावर काट मारली. बाकीचे दोन घेतले की के-मॅपचंच उत्तर मिळतं.

२२ जानेवारी

तपकीर गल्ली, इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचा बाजार. बुधवार पेठेत पार्किंग मिळणं हाच एक वेगळा प्रकल्प आहे. शेवटी पीएमटीच्या बसने गेलो. (पीएमपीएमएल म्हणायला हवं, पण घरात अजून कोणी म्हणत नाही.) घेतलं ते: सीडी ४०६९ इनव्हर्टर (० चं १, १ चं ० करणारा), सीडी ४०८१ अँड (आणि), सीडी ४०७१ ऑर (किंवा) या आयसी, प्रत्येकी दोन, बारा व्होल्टचा रिले (विजेने चालणारा स्विच), बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, डायोड, सोल्डरिंगसाठी झिरो बोर्ड आणि तीन मॅग्नेटिक फ्लोट. ७४ मालिका न घेता ४००० मालिका घेतली, कारण ती बारा व्होल्टवर थेट चालते. रिलेही बाराचाच, मग पाच व्होल्टचा रेग्युलेटर मध्ये हवा कशाला?

काउंटरवरच्या दादांनी फ्लोट देताना एक गोष्ट दाखवली. दांडीच्या टोकाचं सर्क्लिप काढून तरंगता गोळा उलटा घातला की स्विचही उलटा होतो. आधी वर आल्यावर जोडला जायचा, तो आता खाली असताना जोडलेला राहतो. आमच्या सूत्रात भ' आहे. म्हणजे तो इनव्हर्टर फुकट झाला! याला कोणत्या नियमाने सोपं करणं म्हणायचं ते सरांना विचारायचंय.

२७ जानेवारी

ब्रेडबोर्ड, म्हणजे सोल्डर न करता सर्किट जोडून बघायची पाटी. रिलेऐवजी एलईडी. सगळं बरोबर जोडलंय, तरी हात जवळ नेला की एलईडी लुकलुकतो. दोन तास वायरी बदलल्या, मग आयसी बदलली. शेवटी ४०८१ च्या न वापरलेल्या गेटचे इनपुट मोकळे दिसले, आणि ब्रेडबोर्डवर त फ्लोटचा पुल-डाउन रेझिस्टर (स्विच उघडा असताना इनपुट ० ला ओढून धरणारा) एक भोक बाजूला बसलेला. सीमॉसचा (आमच्या ४००० मालिकेची जात) इनपुट मोकळा सोडला की तो अँटेनासारखा वागतो, ० आणि १ च्या मध्ये लोंबकळतो. सगळे मोकळे इनपुट ग्राउंडला बांधले. शांत झालं.

सोळा ओळी एकेक करून तपासल्या. ८ ते ११ सोडून. त्या घडणारच नव्हत्या ना.

८ फेब्रुवारी, शनिवार

बोर्ड गच्चीवर. पार्टनरच्या बाबांनी दोन फ्लोट टाकीत बसवून दिले, मी तिसरा खाली बसवला. रिले पंपाच्या स्टार्टरला जोडायचं काम वायरमन काकांनी केलं. थ्री-फेजला हात लावायची आम्हाला परवानगी नाही आणि हौसही नाही. ऑटो-मॅन्युअल असा सिलेक्टर लावला. संध्याकाळी टाकी रिकामी झाल्यावर पंप आपोआप लागला, भरल्यावर बंद झाला. सेक्रेटरी काकांनी व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकला. चोवीस अंगठे आले.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सव्वासहाला मामांचा फोन, "ताई, गच्चीवरून धबधबा चालूय." धावत गेले. पाणी गच्चीच्या पाइपातून पार्किंगमध्ये पडत होतं, तिथून गेटबाहेर. पहिल्या मजल्यावरच्या आजी बाल्कनीतून, "खडकवासला आमच्या दारात आणला का गं?" मामांनी मेन स्विच पाडला म्हणून थांबलं, नाहीतर खालची टाकी संपेपर्यंत चाललं असतं.

ग्रुपवर कालच्या फोटोखाली एकच उत्तर आलंय. ते इथे लिहीत नाही.

१० फेब्रुवारी

कारण सापडलं. तळच्या फ्लोटच्या दांडीला टेफ्लॉन टेपचा तुकडा गुंडाळला गेला होता. आम्हीच फिटिंग करताना टाकीत पाडलेला. गोळा खालीच अडकला, म्हणजे त कायम ०. टाकी भरत गेली, वरचा फ्लोट उचलला गेला, भ = १ झाला. आता भ = १, त = ०. पंप चालूच होता, म्हणजे ओळ ११. कधीच न घडणाऱ्या ओळींपैकी एक.

आणि आमचं सूत्र अशा वेळी काय म्हणतं? त'·ख = १. पंप चालवा. काठावरचा फ्लोट ओरडून सांगतोय की टाकी भरली, पण त्या पदात भ' नाहीच. ते मी १४ जानेवारीला लाल चौकटीत गाळलं होतं.

सरांना दाखवलं. रागावले नाहीत, पण गप्प बसून के-मॅपकडे बघत राहिले, ते जास्त वाईट. मग म्हणाले, "क्ष दोन तऱ्हेचे असतात. शून्य ते नऊचा डिस्प्ले असेल तर दहा ते पंधरा हे कोड येतच नाहीत, आणि आलेच तरी फार तर वेडावाकडा आकडा दिसेल. तिथे खुशाल क्ष धर. तुझं क्ष मात्र पाण्याच्या भरवशावर आहे. पाणी कधी खोटं बोलणार नाही, पण फ्लोट बोलेल."

मग त्यांनी दुसरं विचारलं, "क्ष घेऊन वाचवलंस तरी काय?" मी म्हटलं, एक अक्षर. "कॉमन काढून बघ."

घरी येऊन काढलं.

क्ष वापरून: प = ख·(त' + भ'·च). अक्षरं चार.
क्ष न वापरता: प = भ'·ख·(त' + च). अक्षरं चार.

बरोबरी! के-मॅप दोन पायऱ्यांच्या सर्किटात कमीत कमी काय ते सांगतो: आधी अँड, मग ऑर. कंसाबाहेर काय काढता येईल याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. एका अक्षराच्या बचतीसाठी मी सोसायटी भिजवली, आणि ती बचत मुळात झालीच नव्हती. दुसऱ्या सूत्रात भ' सगळ्यांच्या बाहेर उभा आहे. टाकी भरली की बाकी कोणी काहीही म्हणो, प = ०.

१३ फेब्रुवारी

नँडमध्ये (अँडच्या उलट उत्तर देणारं गेट) उतरवलं. आता तीन आयसी कशाला? नँड एकट्याने सगळं करतो, एका प्रकारची आयसी पुरते.

त' + च म्हणजे त आणि च' यांचा नँड. प हाच पुढच्या क्षणीचा च आहे, त्यामुळे च' म्हणजे प'. त्याला न म्हणू. आतल्या कंसाला म.

म = नँड(त, न)
न = नँड(भ', ख, म)

कागद फिरवून पाहिला. पार्टनरलाही दाखवला. दोन नँड, एकाचं आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला, दुसऱ्याचं पहिल्याच्या. हे तर एसआर लॅच, सेट-रीसेट होऊन आधीची स्थिती लक्षात ठेवणारं सर्किट! दुसऱ्या वर्षात पाठ केलेली आकृती, आणि इथे ती आम्ही ठरवून काढली नाही, सूत्र सोपं करता करता आपोआप बाहेर पडली. त शून्यावर गेला की सेट. भ' किंवा ख शून्यावर गेला की रीसेट. तेव्हा "आधी काय चाललं होतं" म्हणून जो च घेतला तो हाच होता.

सीडी ४०२३ मध्ये तीन इनपुटांची तीन नँड गेट्स असतात. दोन लॅचला. तिसरं इनव्हर्टर म्हणून, न उलटवून प मिळवायला. अख्खं कंट्रोल एका आयसीत. तीन आयसींचा जुना बोर्ड शेजारी ठेवून फोटो काढला.

एक खड्डा मात्र होता आणि आम्ही त्यात पडलोच. म आणि न एकमेकांच्या उलटे असतात असं धरून पार्टनर म्हणाली, तिसरं गेट वाचव, प ऐवजी थेट म वापर. लावलं. वरची टाकी रिकामी आणि खालचीही रिकामी ही ओळ तपासली तर एलईडी पेटलेला. सेट आणि रीसेट दोन्ही एकदम आले की दोन्ही आउटपुट १ होतात. म्हणजे म सांगतो चालवा, न सांगतो थांबा. त्यावर पंप लावला असता तर तो कोरडा चालून सील गेलं असतं. म हा त' + प आहे, त्यात ना भ' आहे ना ख. आउटपुट न उलटवूनच घ्यायचं.

या वेळी सोळाच्या सोळा ओळी तपासल्या. ८ ते ११ आधी.

म च्या गेटचा तिसरा इनपुट उरत होता. तो बांधून टाकण्याऐवजी पुश बटण लावलं. दाबलं की ०, म्हणजे सेट. वरची टाकी अर्धी असतानाही मामांना "आत्ता भर" म्हणता येतं, आणि भ' आणि ख चा धाक तसाच राहतो.

१७ फेब्रुवारी

सरांचा प्रश्न: हॅझर्ड आहे का? दोन गटांच्या सीमेवरून जाताना एक पद बंद होऊन दुसरं चालू होईपर्यंत आउटपुटला क्षणभर ० ची उचकी लागते, तो प्रकार. आमच्याकडे भ'·त'·ख मध्ये घरं २ आणि ३ आहेत, भ'·ख·च मध्ये ३ आणि ७. पाणी तळच्या खुणेवर चढतं तेव्हा आपण ३ वरून ७ वर जातो आणि ती दोन्ही घरं दुसऱ्या गटातच आहेत. उचकी नाही. असती तरी ती नॅनोसेकंदांची, आणि रिले हलायलाच मिलिसेकंद लागतात. तेवढं लिहून मोकळे झालो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काल गुरुवार, दुरुस्तीसाठी पाणी बंद. आज शुक्रवार, उशिरा आणि कमी दाबाने. पुण्यात हे वाक्य लहान मुलांनाही पाठ असतं. ते आपल्या सर्किटलाही पाठ हवं, हे कळलं नव्हतं.

वरची टाकी रिकामी, म्हणून त = ०. खालच्या टाकीत पाणी बारीक धारेने येतंय. खुणेपर्यंत आलं की ख = १, पंप सुरू. अर्ध्या मिनिटात उपसून संपलं, ख = ०, पंप बंद. पुन्हा धार, पुन्हा ख = १. मामांनी मोजलं, दहा मिनिटांत सात वेळा कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला पंपाचा मोठा स्विच) खटखटला.

वरच्या टाकीला दोन खुणा दिल्या, मध्ये लॅच ठेवला. खालच्या टाकीला एकच खूण. पार्टनर लगेच पाचवा इनपुट आणि दुसरा लॅच घेऊन बसली, म्हणजे बत्तीस ओळी आणि नवा के-मॅप. मी दुपारी केबल फ्लोट घेऊन आले. वायरीला लटकणारा मोठा फ्लोट. वायर जिथे बांधू त्यावर तो किती वर गेल्यावर जोडेल आणि किती खाली आल्यावर सोडेल ते ठरतं. मधलं अंतर फूटभर ठेवता येतं. दोन खुणा आणि आठवण, सगळं एका वायरच्या लांबीत. सूत्रातलं एक अक्षरही बदललं नाही. पार्टनर थोडी हिरमुसली, तिने बत्तीस ओळी आखून ठेवल्या होत्या.

१ मार्च, शनिवार

वायरमन काका आले. नवा बोर्ड जोडायच्या आधी म्हणाले, "समजावून सांग, पोरी. मागच्या वेळी न विचारता जोडलं." मी वहीतलं सूत्र दाखवलं आणि शब्दांत सांगितलं. टाकी भरलेली नाही, आणि खाली पाणी आहे, आणि वरचं पाणी संपलंय किंवा पंप आधीच चालू आहे.

काकांनी स्टार्टरचं झाकण उघडलं. "हे बघ. स्टॉपची दोन बटणं, सिरीजमध्ये. कोणतंही दाबलं की लाइन तुटते. त्याच्यापुढे स्टार्टचं बटण, आणि त्याला पॅरलल हा होल्डिंग कॉन्टॅक्ट. स्टार्ट सोडलं तरी पंप स्वतःला धरून ठेवतो. तुझं भ आणि ख म्हणजे माझे दोन स्टॉप, तुझं ते त म्हणजे स्टार्ट, आणि च म्हणजे होल्डिंग. मी हे तीस वर्षं जोडतोय."

मी बघतच राहिले. सिरीज म्हणजे अँड, पॅरलल म्हणजे ऑर. भ'·ख·(त' + च), जसंच्या तसं, तांब्याच्या वायरीत. क्लॉड शॅननने १९३७ मध्ये, एकविसाव्या वर्षी, एमआयटीतल्या मास्टर्सच्या प्रबंधात हेच मांडलं: रिले आणि स्विचच्या जाळ्याला जॉर्ज बूलचं बीजगणित लागू पडतं, आणि समीकरण लहान केलं की कॉन्टॅक्ट वाचतात. बूलचं पुस्तक १८५४ चं. त्याला माणसाच्या विचारांचे नियम मांडायचे होते. हे सगळं मी पहिल्या सेमिस्टरला लिहून मार्क घेतलेत. स्टार्टरचं झाकण मात्र आजच उघडलेलं पाहिलं.

मग साहजिक प्रश्न: आयसी हवी कशाला? फ्लोटच थेट स्टार्टरला का जोडू नयेत? उत्तर काकांनीच दिलं. "ह्या कॉइलवर चारशे पंधरा व्होल्ट आहेत. ती वायर पाण्याच्या टाकीत सोडणार? तुझे बारा व्होल्टच बरे." सरांसाठी "प्रकल्पाची गरज" या मथळ्याखाली हे वाक्य जसंच्या तसं लिहिलंय.

९ मार्च

झिरो बोर्डवर सोल्डरिंग पूर्ण. एक जॉइंट ड्राय, म्हणजे नीट न चिकटलेला, निघाला. फ्लोटच्या वायरी चार मजले उतरून येतात म्हणून प्रत्येक इनपुटला दहा किलोओहमचा पुल-डाउन आणि छोटा कपॅसिटर.

आता वायर तुटली तर काय, याचा तक्ता. भ' ची वायर तुटली: ०, म्हणजे "भरली", पंप बंद. ख ची तुटली: ०, पंप बंद. दोन्ही सुरक्षित. त ची तुटली: ०, म्हणजे "रिकामी", पंप लागतो; पण भ' त्याला काठावर थांबवतो. मग थोडं पाणी वापरलं की लगेच पुन्हा लागतो. धबधबा नाही, पण सारखा चालू-बंद. पुल-अप (इनपुट १ ला ओढून धरणारा) लावला तर उलट होतं: वायर तुटली की पंप लागतच नाही. कोणतं बरं? सेक्रेटरी काकांचं मत: "पाणी गेलं तर मला सोळा फोन येतात. पंप बिघडला तर एकच बिल येतं." पुल-डाउन ठेवला. दुसरंही कारण आहे. वायर तुटो की गोळा अडको, टाकी भरली की भ = १, त = ० असं दिसतं. म्हणजे ते ओळखता येतं.

ओळखायचं सूत्र काय? भ·त'. हे पद कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं म्हणून वही मागे उलटली. १८ जानेवारी, तिसरा प्राइम इम्प्लिकंट. एकही खरा १ झाकत नाही म्हणून काट मारलेला.

बोर्डवर भ' आणि त हाताशी आहेत. डी मॉर्गनच्या नियमाने भ·त' म्हणजे (भ' + त)', एक नॉर गेट (ऑरच्या उलट). (ऑगस्टस डी मॉर्गनचा जन्म मदुराईचा, १८०६, हे व्हायव्हात विचारत नाहीत, पण मी सांगणार आहे.) सीडी ४००१ चं एक गेट, एक ट्रान्झिस्टर आणि लाल दिवा. उरलेल्या तीन गेटचे इनपुट ग्राउंडला, न विसरता. दिवा मामांच्या केबिनमध्ये लावला आणि खाली पट्टी चिकटवली: "लाल लागला तर ताईला फोन."

रिपोर्टमध्ये लिहिलं: आधी तीन आयसी, आता दोन. सरांनी दुसऱ्या आयसीभोवती गोल करून विचारलं, "हिच्याशिवाय पंप चालतो ना?" चालतो. "मग बचत का मोडलीस?" मी ९ फेब्रुवारीचं पान उघडून पुढे केलं. त्यांनी सही केली.

२८ मार्च, शुक्रवार

सबमिशन झालं. बोर्ड सोसायटीतच राहिला. लॅबच्या कपाटात जागा नव्हती, आणि मामा सोडायला तयार नाहीत.

आज दुपारी त्यांचा फोन. "ताई, तुमचा लाल लागतोय. मधेच विझतोय, पुन्हा लागतोय. पाणी मात्र कुठं सांडलेलं नाही." गच्चीवर गेले. टाकी काठोकाठ, पंप बंद. पार्टनरने टॉर्च धरला, मी बाही सरसावून तळापर्यंत हात घातला. फ्लोटच्या दांडीवर गाळाचा थर बसला होता आणि गोळा त्यात रुतला होता. बोटाने सोडवला, तसा तो टुणकन वर आला.

खाली केबिनमधून मामांची हाक, "विझला!"